भोपाळची दुसरी दुर्घटना

भोपाळ म्हटले की आपल्याला एक रात्र आठवते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली. रघू राय यांनी काढलेला, मातीत अर्धवट पुरलेल्या बाळाच्या चेहऱ्याचा तो फोटो आठवतो. गेल्या काही वर्षांत आलेल्या वेबमालिकेमुळे तरुण पिढीला रेल्वे स्टेशनही आठवू लागले आहे. दर डिसेंबरमध्ये वर्तमानपत्रे दोन-चार लेख छापतात आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो.

मला या लेखात थोडे वेगळे सांगायचे आहे. भोपाळमध्ये दुर्घटना एक झाली नाही, दोन झाल्या. पहिली हवेतून आली, काही तास टिकली आणि वाऱ्याबरोबर ओसरली. दुसरी मातीतून पाण्यात उतरली आणि अजून संपलेली नाही. दुसरी पहिलीनंतर घडली असे समजू नका. ती आधीच सुरू झाली होती. त्या रात्री गॅस फुटला नसता, तरी कारखान्यालगतच्या हातपंपांना आज ना उद्या विषारी पाणी आलेच असते. पण कायद्याने, सरकारने आणि आपल्या आठवणीनेही फक्त पहिलीच मोजली. असे का झाले, याचे अर्धे उत्तर राजकारणात आहे आणि अर्धे रसायनशास्त्रात. राजकारणावर भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी रसायनांच्या बाजूने जाणार आहे. शाळेत विज्ञान जेवढे शिकलो तेवढ्या बळावर हे समजते, घाबरायचे कारण नाही.

युनियन कार्बाइडचा हा कारखाना १९६९ मध्ये भोपाळच्या उत्तरेला, जुन्या शहराला लागून उभा राहिला. रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर होते. हरित क्रांतीचा काळ होता. नव्या बियाण्यांबरोबर खते आणि कीटकनाशके आली. डीडीटीची बदनामी झालेली होती, कारण ते वर्षानुवर्षे मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत साठून राहते. त्याला पर्याय म्हणून कार्बाइडने सेविन नावाचे कीटकनाशक आणले. त्याचे रासायनिक नाव कार्बारिल. ते उन्हापावसात लवकर विघटित होते, साठत नाही, ही त्याची मोठी जाहिरात होती. आणि ती खोटी नव्हती. कार्बारिल खरोखरच फार टिकत नाही. प्रश्न असा होता की ते तयार करताना जे वापरले जाते आणि जे मागे उरते, ते काय असते?

सेविन बनवण्यासाठी लागते मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी. ते बनते फॉस्जीनपासून. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांवर सोडला गेला तोच हा फॉस्जीन. सुरुवातीला भोपाळमध्ये एमआयसी बाहेरून येत असे. १९८० च्या सुमारास ते तिथेच तयार होऊ लागले आणि मोठमोठ्या टाक्यांत साठवले जाऊ लागले. धोक्याचे उद्योग शहरापासून दूर न्यावेत, असे १९७५ च्या विकास आराखड्यात म्हटलेले होते. कारखाना जागचा हलला नाही. डिसेंबर १९८१ मध्ये मोहम्मद अशरफ खान हा कामगार फॉस्जीनने मेला. त्यानंतर राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकात, शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे अशा अर्थाचे लेख १९८२ मध्ये लिहिले. १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’तही लिहिले. वाचले अनेकांनी, ऐकले कोणीच नाही.

त्या रात्री ई-६१० क्रमांकाच्या टाकीत चाळीसएक टन एमआयसी होते. त्यात पाणी शिरले. ते कसे शिरले यावर वाद आहे. कामगारांचे म्हणणे नळ्या धुताना शिरले, कंपनीचे म्हणणे कोणा नाराज कामगाराने मुद्दाम सोडले. पाणी कोणत्याही वाटेने आलेले असो, पुढचा प्रकार ठरलेला होता. एमआयसी आणि पाणी एकत्र आले की उष्णता निघते. उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता. एमआयसी ३९ अंशांवर उकळते, म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी ते उघड्या भांड्यात उकळू लागेल. म्हणूनच ते थंड ठेवायचे असते. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. बाहेर पडणारा वायू धुऊन काढणारा मनोरा त्या दाबापुढे अपुरा पडला. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइपच दुरुस्तीसाठी काढलेला होता. मध्यरात्रीनंतर झडप उघडली आणि वायू उंच नळीतून बाहेर पडू लागला.

आता हवेची गोष्ट. इथे थोडे थांबून समजून घेऊ, कारण हजारो माणसांचे मरण या तपशिलात आहे.

दिवसा ऊन जमीन तापवते, जमिनीलगतची हवा गरम होऊन वर जाते आणि तिच्याबरोबर धूर, धूळ, वायू सगळे वर जाऊन विरळ होते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उलटे होते. जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खेड्यात वाढलेल्यांना पुस्तकाची गरज नाही. हिवाळ्यातल्या संध्याकाळी चुलींचा धूर गावावर पांढऱ्या पट्ट्यासारखा अडकून राहतो, तो त्यांनी पाहिलेला असतो. भोपाळवर त्या रात्री असेच झाकण होते. वारा मंद होता आणि तो वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे नेमका कारखान्याकडून जुन्या शहराकडे वाहत होता.

त्यात एमआयसीची वाफ हवेपेक्षा सुमारे दुप्पट जड. ती वर गेली नाही. गटाराच्या पाण्यासारखी उतारावरून, गल्ल्यांतून, दाराच्या फटींतून वाहत राहिली. समोरचे जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड, छोला, स्टेशन. पत्र्याच्या, ताडपत्रीच्या, फटी असलेल्या घरांत ती सहज शिरली. जमिनीलगत दाट असल्यामुळे जमिनीवर झोपलेली माणसे आणि लहान मुले आधी सापडली.

लोक पळाले. पळणाऱ्या माणसाचा श्वास दसपटीने वाढतो आणि तो ज्या दिशेने पळत होता, वाराही त्याच दिशेने जात होता. ढग आणि माणसे एकत्र पळत होती. जे वाऱ्याला आडवे पळाले ते वाचले. ज्यांनी घरातच थांबून ओले फडके तोंडावर धरले, त्यांतलेही अनेक वाचले. एमआयसी पाण्याशी लगेच संयोग पावते, त्यामुळे ओले फडके हा त्या रात्रीचा सर्वांत स्वस्त उपाय होता. पण हे शहराला कोणी सांगितलेच नव्हते. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. सकाळी डॉक्टरांना सांगण्यात आले की हा वायू डोळे चुरचुरवणारा आहे, अश्रुधुरासारखा.

पाण्याशी संयोग पावण्याचा हाच गुण माणसाच्या शरीरात घातक ठरला. डोळे ओले असतात, घसा ओला असतो, फुप्फुसे ओली असतात. वायूने ओलावा शोधला. अनेकांची फुप्फुसे त्यांच्याच द्रवाने भरली.

भोपाळ स्टेशनवर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. त्यांनी फलाटावर उभी असलेली एक्सप्रेस वेळेआधीच सोडून दिली. नियमात बसणारे काम नव्हते. गाडीतले प्रवासी वाचले, स्टेशनवरचे अनेक सहकारी मेले. दस्तगीर स्वतः त्या वायूचा आजार घेऊन जगले आणि २००३ मध्ये वारले.

मृतांचा आकडा आजवर ठरलेला नाही. सरकारने पहिल्यांदा २,२५९ सांगितला, राज्य सरकारने पुढे ३,७८७ मान्य केला, सर्वोच्च न्यायालयात ५,२९५ पर्यंत गेला. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मते पहिल्या तीन दिवसांतच सात ते दहा हजार माणसे गेली. सरकारच्याच प्रतिज्ञापत्रात जखमींची संख्या ५,५८,१२५ आहे. शेवटचे दोन अंक पाहिले की मला नेहमी वाटते, जखमी इतके नेमके मोजणाऱ्यांना मृत मोजता येऊ नयेत!

हवेतली एमआयसी मात्र टिकली नाही. दवाशी, धुक्याशी, झाडांच्या पानांशी, माणसांशी संयोग होत होत ती दुसऱ्या, कमी विषारी पदार्थांत बदलली. त्या परिसरातल्या झाडांची पाने पिवळी पडून गळाली आणि काही महिन्यांत पुन्हा फुटली. उरलेल्या टाक्यांतली एमआयसी डिसेंबरच्या मध्याला सेविनमध्ये रूपांतरित करून संपवण्यात आली. त्या मोहिमेला सरकारने ‘ऑपरेशन फेथ’ असे नाव दिले होते. त्या सरकारी फेथवर भोपाळकरांचा विश्वास इतका, की लाखो लोक आदल्या दिवसांतच शहर सोडून गेले.

सरकारी हिशेबात विष संपले. इथून दुसऱ्या दुर्घटनेकडे वळू, आणि त्यासाठी मागे, १९६९ पर्यंत जावे लागेल.

रासायनिक कारखान्यात विकण्याजोगा माल तयार होतो, तसे न विकण्याजोगेही बरेच काही तयार होते. उकळून तळाशी राहिलेला डांबरासारखा गाळ, बिघडलेल्या घाण्या, वापरून झालेले द्रावक, सांडलेले पिंप धुतलेले पाणी. पहिली काही वर्षे हे कारखान्याच्या आवारातच ठिकठिकाणी खड्ड्यांत टाकले जात होते. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला, साधारण चारशे मीटरवर, चौदा हेक्टरांत तलाव बांधण्यात आले. कल्पना साधी होती. दूषित पाणी पाइपाने तलावात सोडायचे, मध्य प्रदेशाच्या उन्हाने पाणी उडून जाईल, गाळ तळाशी राहील. गाळ जमिनीत मुरू नये म्हणून तळाला प्लॅस्टिकचे कापड अंथरले होते.

प्लॅस्टिकचे कापड आणि काळी माती यांचे फार काळ पटत नाही. भोपाळची काळी माती आपल्या कापसाच्या काळ्या मातीची सख्खी बहीण आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. तिच्यावर अंथरलेले काहीही दरवर्षी ताणले जाते. मार्च-एप्रिल १९८२ मध्येच तलाव गळत असल्याचे आणि ही काळजीची बाब असल्याचे कंपनीच्या अंतर्गत संदेशांत लिहिलेले आहे. तारीख लक्षात घ्या. गॅस फुटायला अडीच वर्षे बाकी होती. हे संदेश लोकांसमोर आले ते फार पुढे, भोपाळच्या स्त्रियांनी अमेरिकेतल्या न्यायालयात दाद मागितली तेव्हा.

मातीत गेल्यावर सगळी रसायने सारखी वागत नाहीत. सेविन खरोखर मोडते, विशेषतः पाणी किंचित खारट-अल्कधर्मी असेल तर काही दिवसांतच त्याचे नॅफ्थॉल होते. जिवाणू त्यालाही खातात. या बाबतीत जाहिरात खरी ठरली. पण त्याच कारखान्यात बीएचसीचीही मिश्रणे होत असत. क्लोरीन जोडलेली ही रेणूंची जात वेगळी आहे. तिला पाणी आवडत नाही, तेल आणि चरबी आवडते. ती मातीच्या कणांना, सेंद्रिय भागाला चिकटून बसते आणि दशकानुदशके तशीच राहते. जिवाणूंना ती पचत नाही. पावसाने मातीचा कण वाहून गेला तर त्याच्यावर बसून पुढे जाते. गायीने तिथले गवत खाल्ले तर दुधाच्या चरबीत उतरते. भारताने शेतीसाठी बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी घातली. भोपाळच्या मातीला ती बंदी कोणी कळवली नाही.

सर्वांत फसवी जात द्रावकांची. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म आणि त्यांचे भाऊबंद. रॉकेल पाण्यावर तरंगते हे आपल्याला माहीत असते, त्यामुळे तेलकट पदार्थ म्हटला की तो वर येईल असे आपण धरून चालतो. हे द्रावक मात्र पाण्यापेक्षा दीडपट जड असतात. ते जमिनीत मुरतात, भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचतात आणि तिथे न थांबता पाण्याच्या आतून खाली बुडत जातात. एखादा चिकणमातीचा थर किंवा खडक लागला की त्याच्या खळग्यात, भेगेत जाऊन बसतात. मग त्यांच्यावरून भूजल वाहते आणि दर दिवशी त्यांचा थोडासा अंश विरघळवून पुढे नेते. मिठाचा खडा विहिरीत पडून राहावा आणि कधी पुरता विरघळूच नये, तसे. वरची टाकी बंद केली, कारखाना बंद केला, तरी खालचा खडा दिसत नाही, काढता येत नाही आणि पाणी खारट करत राहतो. जगात अशा जागा साफ करायला दशके लागली आहेत आणि काही साफ झालेल्याच नाहीत.

आणि पारा. तो कारखान्यात यंत्रांच्या सांध्यांत वापरला जात होता आणि सांडत होता. पारा हा मूलद्रव्य आहे, त्याचे विघटन होण्याचा प्रश्नच येत नाही. तो जागा बदलतो, रूप बदलतो, उन्हात त्याची वाफ होते, पाण्याखालच्या गाळात जिवाणू त्याला अधिक विषारी रूप देतात. १९९९ मध्ये ग्रीनपीसने आवारातल्या मातीचे नमुने तपासले, तेव्हा एका जागी पारा नैसर्गिक प्रमाणाच्या लाखो पटींनी जास्त निघाला. जवळच्या विहिरींच्या पाण्यात क्लोरीनयुक्त द्रावक सापडले.

१९८४ नंतर कारखाना बंद पडला आणि त्याच्याभोवतीची जमीन स्वस्त झाली. स्वस्त जमिनीवर कोण राहायला येते, हे सांगायला नको. उत्तरेकडे तलावांना लागून अटल अयुब नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी, नवाब कॉलनी अशा वस्त्या वाढल्या. रोजंदारीचे मजूर, विडी वळणाऱ्या बाया, हमाल, गाडीवाले. काही गॅसपीडित होते, काही त्या रात्री भोपाळमध्ये नव्हतेच. नगरपालिकेचा नळ नव्हता म्हणून हातपंप खोदले गेले. हातपंप पाणी वर ओढतो म्हणजे आजूबाजूचे पाणी आपल्याकडे खेचतो. वस्ती जितकी दाट, पंप जितके जास्त, तितके दूषित पाणी त्यांच्याकडे सरकत गेले.

वारा आग्नेयेला गेला होता. तलावांचे विष उत्तरेकडच्या वस्त्यांत उतरले. दोन दुर्घटनांचे नकाशे वेगवेगळे आहेत, आणि नुकसानभरपाईसाठी फक्त वाऱ्याचा नकाशा काढला गेला. भोपाळच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड गॅसग्रस्त ठरले. पाणीग्रस्त असा शब्दच त्या कायद्यात नव्हता.

आपल्याकडे मक्तबात शिकवले जाते की पाण्याचा रंग, चव आणि वास बदलला नाही तोवर ते पाक आहे. विहिरी, हौद आणि वाहत्या नाल्यांच्या जगासाठी ही कसोटी अतिशय शहाणी होती. कुजलेले काहीही पाण्यात पडले तर या तिन्हींपैकी एक बदलतेच. या वस्त्यांतल्या बाया पाण्याला वास येतो, वर तवंग येतो, डाळ शिजत नाही असे वर्षानुवर्षे सांगत होत्या, म्हणजे जुन्या कसोटीवरही ते पाणी नापास होते. पण अडचण पुढची आहे. जुनाट आजार जडवण्याइतके कार्बन टेट्राक्लोराइड पाण्यात असले तरी नाकाला आणि जिभेला ते कळेलच असे नाही. स्वच्छ, थंड, गोड लागणारे पाणीही विषारी असू शकते. ते ओळखायला प्रयोगशाळा लागते आणि प्रयोगशाळा ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात.

हे निकालही कसे बदलत गेले पाहा. १९८९ मध्ये कंपनीने स्वतः आवारातल्या माती-पाण्याचे नमुने तपासले. त्यांत सोडलेले मासे तत्काळ मेले. तो अहवाल जाहीर झाला नाही. त्याच सुमारास आपल्या नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने तलावांची तपासणी केली आणि आसपासचे पाणी दूषित नसल्याचा निर्वाळा दिला. कंपनीने तो निर्वाळा पुढे ढालीसारखा वापरला. वीसएक वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच नीरीने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर केलेल्या अभ्यासात आवारात सुमारे ११ लाख टन दूषित माती असल्याचा अंदाज मांडला. मधल्या काळात, २००९ मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटला कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या भूजलातही कीटकनाशके सापडली होती. पुढे लखनौच्या विषविज्ञान संस्थेच्या तपासण्यांतून बाधित वस्त्यांची संख्या ४२ वर गेली.

म्हणजे विष सरकत होते, आणि कागद त्याच्या मागून चालत होते.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८५ च्या खास कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक जखमींच्या हाती २५ हजार रुपये आले. ही तडजोड गॅसगळतीची होती, त्यात मातीचा आणि पाण्याचा हिशेब नव्हता. १९९८ मध्ये कंपनीच्या वारसदाराने भाडेपट्ट्याची जमीन राज्य सरकारला परत केली, गाळासकट. २००१ मध्ये युनियन कार्बाइड डाऊ केमिकलने विकत घेतली आणि डाऊने भोपाळची जबाबदारी आपली नाही असे सांगितले. जून २०१० मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही झाला. वॉरन अँडरसन एकदाही भारतीय न्यायालयात उभा न राहता २०१४ मध्ये मेला. मार्च २०२३ मध्ये वाढीव भरपाईची केंद्राची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

या सगळ्यात वस्त्यांना जे काही मिळाले ते तिथल्या माणसांनी, मुख्यतः बायकांनी, भांडून मिळवले. अब्दुल जब्बार यांच्या महिला उद्योग संघटनेच्या सभा यादगार-ए-शाहजहानी पार्कमध्ये वर्षानुवर्षे भरत राहिल्या. जब्बारभाई नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले, पद्मश्री त्यांना मरणोत्तर जाहीर झाली. विडीकामगार घरातल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी १९८९ मध्ये शंभरएक बायकांबरोबर भोपाळहून दिल्लीपर्यंत पायपीट केली. २००४ मध्ये दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशांतून त्यांनी अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला. सर्वोच्च न्यायालयाने दूषित वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या असा आदेश दिला तोही २००४ मध्येच. आधी टँकर आणि रस्त्याकडेच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. घरोघरी नळ यायला आणखी बरीच वर्षे लागली. कित्येक हातपंपांना लाल रंग मारून पाणी पिऊ नका अशी सूचना लिहिण्यात आली. ज्या घरात दुसरे पाणी नव्हते त्यांनी लाल पंप हापसून पाणी भरले.

हे शहर पाण्याच्या बाबतीत इतके कंगाल कधीच नव्हते. भोपाळची ओळखच तलावांची. एकोणिसाव्या शतकात कुदसिया बेगमने स्वतःच्या खर्चाने शहरासाठी पाणीपुरवठ्याची व्यवस्था केली आणि लोकांकडून त्याचे पैसे घेऊ नयेत असे ठरवून दिले. ज्या संस्थानात बायकांनी चार पिढ्या राज्य केले आणि पाणी मोफत दिले, त्याच शहरातल्या बायकांना पुढे पाण्यासाठी दिल्लीपर्यंत चालत जावे लागले.

उरलेला कचरा हा वेगळाच प्रवास आहे. २००५ मध्ये आवारात इतस्ततः पडलेला साडेतीनशे टनांच्या आसपास कचरा गोळा करून एका शेडमध्ये ठेवण्यात आला. तो जाळायचा कुठे? गुजरातच्या अंकलेश्वरचे नाव निघाले, गुजरातने नकार दिला. मग नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव निघाले, तेव्हा विदर्भातले पर्यावरणवादी न्यायालयात गेले आणि महाराष्ट्र सरकारनेही विरोध केला. मला तो विरोध रास्त वाटला होता, आजही वाटतो. पण त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी विचार केला की, ज्याच्या धुराची आपल्याला इतकी धास्ती आहे तो कचरा वीस-पंचवीस वर्षे भोपाळच्या वस्तीशेजारी पडून आहे? जर्मनीला विमानाने पाठवण्याचे ठरत होते, तेही २०१२ मध्ये फिसकटले.

अखेर १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांतून ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला. दाट पोलीस बंदोबस्त होता. पीथमपूरमध्ये लोक रस्त्यावर आले, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून घेतले. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि जूनअखेर जाळण्याचे काम संपले. क्लोरीन असलेला कचरा कमी तापमानाला जळला तर डायॉक्सिनसारखे आणखी भयंकर पदार्थ तयार होतात, म्हणून भट्टी फार तापवावी लागते. पारा तर जळतच नाही, धुरातून पकडावा लागतो. त्यासाठी चुना आणि इतर पदार्थ मिसळावे लागतात, त्यामुळे ३३७ टन कचऱ्याची राख आठशे टनांहून अधिक भरली. ती पुन्हा कुठेतरी पुरायचीच आहे, प्लॅस्टिकचे कापड अंथरून.

वर्तमानपत्रांनी मथळे दिले की चाळीस वर्षांनंतर भोपाळ विषमुक्त. ३३७ टन हा ११ लाख टनांच्या दहा हजार भागांतला तीन भाग आहे. शेडमधल्या पोत्यांत भरलेले गेले. आवारातल्या आणि तलावांतल्या मातीला, आणि तिच्याखाली खडकाच्या भेगांत बसलेल्या द्रावकांना अजून कोणी हात लावलेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने बारा कीटकनाशकांवर बंदी घातली. त्यात कार्बारिलही होते. आज सेविन भारतात कायद्याने बनवताही येत नाही.

कंपनीच्या गेटसमोर जयप्रकाश नगरच्या बाजूला एका डच शिल्पकाराने केलेला आईचा पुतळा आहे, मूल छातीशी धरलेली, एक हात चेहऱ्यावर. पाहुणे तिथे येतात, फोटो काढतात. उत्तरेकडे, तलावांच्या जागी, कोणी येत नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचते, हिरवे दिसते, म्हशी उतरतात, पोरे मासे पकडतात. पाणी ओसरले की गाळाला भेगा पडतात, आणि पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो.